खोट्या उजेडाचं कलम

हवालदारांनी कागद पुढे केला तेव्हा माझ्या एका हातात कोळंबीची पिशवी होती आणि दुसऱ्यात गाडीची किल्ली. मागे फेरीबोटीवर हॉर्न वाजत होते. मी कागद घेतला, न वाचता पिशवीत कोंबला आणि गाडीत बसले. कोळंबी ओली असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नाही, एवढंच.

माझं सांगलीत दुकान आहे. आमसुलं, काजूगर, कुळीथ, आंबापोळी असा कोकणातला माल विकते. दर उन्हाळ्यात मी स्वतः गाडी घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात उतरते, कारण माल हातात घेऊन, वास घेऊन बघितल्याशिवाय मी पैसे मोजत नाही. नवरा तेवढे दिवस दुकान सांभाळतो. त्याला गाडी येत नाही आणि मला गल्ल्यावर बसून गप्पा मारणं जमत नाही, म्हणून आमचं बरं चाललं आहे.

त्या दिवशी दापोलीकडून काजू घेऊन मी किनाऱ्याच्या रस्त्याने खाली येत होते. वाटेत एक खाडी लागते. ती फेरीबोटीने ओलांडायची. मी जेटीवर पोचले तेव्हा बोट नुकतीच पलीकडे गेली होती. माझ्यापुढे कोणी नव्हतं. सूर्य बुडाला होता, पण उजेड अजून पाण्यावर रेंगाळत होता. आकाश पिकल्या रातांब्याच्या रंगाचं झालं होतं आणि खाली पाणी त्याच रंगाचं, फक्त जरा मळकट. भरती उलटली होती. पाणी आवाज न करता समुद्राकडे सरकत होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं की पाणी थांबतं आणि आपण बसलेली गाडीच सरकायला लागते. मी दोनदा हँडब्रेक तपासला.

जेटीच्या कठड्याशी एक बाई टोपली घेऊन बसली होती. साधारण माझ्याच वयाची. टोपलीत थोडी कोळंबी उरली होती. मी भाव विचारला, तिने सांगितला, मी कमी करायला सांगितला, तिने नुसतं हूं केलं आणि सगळी कोळंबी पिशवीत ओतली. घासाघीस करताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघणारी विक्रेती मी पहिल्यांदाच बघत होते. ती खाडीच्या मुखाकडे बघत होती.

मी विचारल्यावर तिने थोडक्यात सांगितलं. तिचा नवरा आणि दीर सकाळी होडी घेऊन गेले होते. मशीन बिघडलं. दुपारी दुसऱ्या होडीवाल्याने निरोप आणला की वल्ही मारत येतायत. आता ओहोटी लागली होती. मुखाशी पाण्याखाली खडप होतं, खडकांची लांब रांग, आणि तिच्या कडेने होडीपुरती वाट. जेटीच्या टोकाला खांबावर दिवा होता, त्याच्याकडे तोंड ठेवून होड्या त्या वाटेत शिरतात. तो दिवा गेल्या आठवड्यापासून बंद होता. तक्रार केली होती. माणूस येणार होता.

मग ती माझ्या गाडीकडे बघायला लागली.

"बाय, तुझ्या गाडीचे दिवे पाण्याकडं फिरतील काय?"

गाडी उतारावर होती आणि तिचं तोंड सरळ बोटीच्या धक्क्याकडे होतं. खाडीच्या मुखाकडे उजेड टाकायचा तर गाडी उतारावर आडवी लावावी लागणार होती. मी लावली. चाकाखाली दगड घातला, इंजीन चालू ठेवलं आणि दिवे मोठे केले. ती पुढे उभी राहून हाताने दाखवत होती, अलीकडं, अजून अलीकडं, बास. तिची सावली पाण्यावर इतकी लांब पडली होती की तिने हात हलवला की खाडीच्या मध्यावर काहीतरी हलायचं.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघणारी बाई आहे, पण तेव्हा बघितलं नाही. उजेडाचा एक पट्टा पाण्यावर पडला होता आणि त्यात काहीच नव्हतं. बारीक किडे चमकत होते. एक मासा उडाला, पडला. पट्ट्याच्या बाहेर सगळं निळंकाळं झालं होतं आणि आत सगळं पिवळं. एकदा मला लांबवर, उजवीकडे, दुसराच एक दिवा दिसला. लहान, हलता. तो जरा वेळ आमच्याकडे येतोय असं वाटलं, मग वळला आणि दिसेनासा झाला.  

मग पट्ट्याच्या टोकाला एक वल्हं उचललेलं दिसलं. नुसतं वल्हं. त्याच्या मागून होडी आली, इतकी हळू की कोणीतरी ती कागदावर ओढत आणावी तशी. दोन माणसं. एक उभा होता आणि हाताने डोळ्यांवर आडोसा धरून होता, कारण मी मोठे दिवे लावले होते.

याच वेळात फेरीबोट परत आली होती आणि माझ्या आडव्या गाडीमुळे तिच्यावरची एकही गाडी उतरू शकत नव्हती. गणपतीपुळ्याहून दर्शन करून निघालेली माणसं होती, पोरं रडत होती, एका मोठ्या पांढऱ्या गाडीतला गृहस्थ फोनवर कोणाला तरी जोरात माझ्या गाडीचा नंबर सांगत होता. मी होडी टेकेपर्यंत हलले नाही. होडी टेकली आणि मोटारसायकलवरून हवालदार आले. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा बोटीकडे, आणि लिहायला घेतलं. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. सगळ्यांना घाई होती.

पलीकडे उतरून लॉजवर पोचल्यावर मी कागद बाहेर काढला. तो कोळंबीला चिकटला होता. सोडवला, उशीच्या अभ्र्यावर पसरला, पंखा लावला. खाली माझं नाव आणि गाडीचा नंबर होता. वर 'सदर महिलेने तिचे ताब्यातील वाहन' इथपर्यंत वाचता येत होतं, मग चार ओळींचा निळा डाग. डागाच्या खाली 'भा. न्या. सं. कलम २८३', म्हणजे भारतीय न्याय संहिता, आणि त्याखाली पंधरवड्यानंतरची तारीख, चौकशीकामी हजर राहावे.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती परदेशात असते. तिला सातवा महिना होता आणि मी तिच्या बाळंतपणाला जाणार होते. माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती. नव्या पासपोर्टचा अर्ज अर्धा भरून झाला होता आणि त्यात एक प्रश्न होता, तुमच्याविरुद्ध कुठला फौजदारी खटला प्रलंबित आहे का. तो भरताना मी हसले होते. माझ्याविरुद्ध आजवर फक्त नणंदेची तक्रार प्रलंबित होती.

मी तिला कलम वाचून दाखवलं. तिने लगेच शोधलं. 

"आई, तू नक्की काय केलंस?"

"का?"

"इथे लिहिलंय, नाविकाची दिशाभूल व्हावी म्हणून खोटा दिवा, खूण किंवा पाण्यावर तरंगणारा बोया दाखवणे. सात वर्षांपर्यंत."

मी दिवे लावले होते. तेवढं तरी खरं होतं.

मुलीला मी समजावलं की चूक झाली असेल, उद्या फोन करते. फोन ठेवला. कोळंबी लॉजच्या मालकिणीला देऊन टाकली. मला झोप लागायला कधी त्रास होत नाही, त्या दिवशीही लागली, पण झोपेत खाडी होती. मी दिवे लावले होते आणि पट्ट्यात होडी येत होती, आणि त्याच वेळी उजवीकडचा तो दुसरा लहान दिवा माझ्याकडे बघून वळत होता. खडपाच्या बाजूला वळत होता. मी गाडीचे दिवे बंद करायला जात होते आणि बटणाच्या जागी ओली कोळंबी होती.

सांगलीला परत आले. माल उतरवला, आमसुलं उन्हात घातली, बरण्या भरल्या. काम सगळं वेळेवर होत होतं. पण मधेच, कोणाला पावशेर काजू मोजून देताना, तराजूच्या पलीकडे पाणी सरकायला लागायचं. मुलीने शोधलेलं कलम आता मला इतकं चमत्कारिक वाटत नव्हतं. खोटा दिवा म्हणजे काय? जिथे दिवा नसतो तिथे लावलेला दिवा. ज्याच्यासाठी मी लावला त्याला तो खरा. पण अंधारात दुसरा कोणी येत असेल, ज्याला नेहमीच्या खांबावरच्या दिव्याची सवय आहे, त्याला माझा उजेड चार हात भलतीकडेच दिसला असणार. त्या होडीचं पुढे काय झालं? पांढऱ्या गाडीवाल्याच्या तक्रारीने कोणी एवढं मोठं कलम लावत नाही. काहीतरी झालं असणार.

चौकीला फोन केला तर वाजत राहायचा. एकदा कोणीतरी उचलला आणि सांगितलं, कागद घेऊन या, फोनवर काही सांगता येत नाही. नवरा म्हणाला, वकील घेऊन जा. मी म्हटलं, आधी काय केलंय ते तरी कळू दे. मुलगी दर दोन दिवसांनी विचारायची, अर्ज भरलास का. त्या प्रश्नापाशी येऊन मी थांबत होते. हो लिहिलं तर पासपोर्ट अडकणार. नाही लिहिलं आणि उद्या ते खोटं निघालं, तर दिव्यापाठोपाठ माझं लिहिणंही खोटं. आणि तिकडे तिचं पोट वाढत होतं. तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं.

दिलेल्या तारखेला मी पहाटे निघाले आणि दुपारी चौकीवर पोचले. कौलारू, दोन खोल्यांची चौकी, बाहेर फणसाच्या झाडाखाली जप्त केलेल्या दोन मोटारसायकली, त्यांवर वाळलेली पानं. तेच हवालदार टेबलाशी होते. निवृत्तीला आलेले, चष्मा दोरीला बांधलेला. मी डाग पडलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलून वास घेतला.

"कोळंबी," ते म्हणाले. "आमच्या खाडीतली."

मी विचारायचं ठरवून आले होते तेच आधी विचारलं. त्या दुसऱ्या होडीचं काय झालं?

कुठली होडी, असं त्यांनी विचारलं. उजवीकडे दिसलेला दिवा मी सांगितला.  मग मी मुलीने पाठवलेलं कलम पिशवीतून काढलं, नवऱ्याने ते दुकानाशेजारी छापून आणलं होतं, आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मग कपाटातून स्वतःजवळची प्रत काढली. तिच्यावर डाग नव्हता. त्या चार ओळींत दिवा, होडी, खडप यातलं काहीच नव्हतं. वाहन सार्वजनिक रस्त्यावर आडवे लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांस अडथळा केला, एवढंच होतं.

"अडथळ्याला दोनशे त्र्याऐंशीच," ते म्हणाले. "सगळी नोकरी हेच लिहिलं." मग थांबले. "म्हणजे जुन्या कायद्यात."

नवा कायदा आला, आकडे सगळे पुढेमागे झाले. वरचं नाव त्यांनी नव्या कायद्याचं लिहिलं होतं आणि आकडा हाताच्या सवयीने जुना. अडथळा आता दोनशे पंच्याऐंशीवर गेला होता, आणि त्र्याऐंशीच्या जागेवर खोट्या उजेडवाले येऊन बसले होते. पंधरा दिवस मी दुसऱ्याच माणसाचा गुन्हा घेऊन सांगलीत वावरत होते.

त्यांनी माफी मागितली नाही. चहा मागवला. कोकणात तो माफीच्या जवळपास जातो.

पण माझं काम झालं नव्हतं. त्र्याऐंशी खोडून पंच्याऐंशी केलं तरी गुन्हा तो गुन्हाच. मी पासपोर्टचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. गुन्हा अजून नोंदवलेला नव्हता, नुसती हजर राहण्याची नोटीस होती. पुढे पाठवायचं की समज देऊन सोडायचं ते साहेब ठरवणार. साहेब गणपतीपुळ्याला बंदोबस्तात होते, संध्याकाळी येणार होते. त्यांच्यापुढे काहीतरी कारण ठेवावं लागेल. गाडी आडवी का लावली?

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुचवलं. त्यांना मला मदत करायची होती.

"बॅटरी उतरली होती असं लिहू काय? बंद पडलेल्या गाडीला कोण काय म्हणणार."

"बॅटरी उतरली होती तर दिवे कसे जळत होते? अख्ख्या बोटीने बघितलेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घाटावरची माणसं," ते म्हणाले, "मदत पण घेऊ देत नाहीत."

मग मी खरं ते सांगितलं. खांबावरचा दिवा, बिघडलेलं मशीन, वल्ही, कोळंबीवाली. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या दिवशी त्यांनी होडी बघितली होती, पण ती माझ्यामुळे आली हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं ना. त्यांनी कोणाला तरी हाक मारून निरोप धाडला आणि जरा वेळाने ती बाई आली. टोपली दारात ठेवून उंबऱ्यावर बसली. मला बघून तिला आनंद झाला नाही. आपल्यामुळे एक बाई सांगलीहून पोलिसात आली, याचा तिला राग आला होता, आणि तो तिने हवालदारांवर काढला. दिवा दुरुस्त करायला माणूस येत नाही, कागद लिहायला बरा येतो. तुझ्या म्हातारीला ताप होता तेव्हा पेजेबरोबर सुकट कोणी आणून दिली. हवालदार मान खाली घालून तिचं म्हणणं लिहीत होते. सुकटीचं सोडून बाकी सगळं लिहिलं. तिने अंगठा नको म्हटलं, सही केली.

मी तिला उजवीकडच्या दिव्याचं विचारलं. तिने क्षणभर आठवलं.

"ती पलीकडच्या घाटीतून उतरणारी मोटारसायकल असणार. नाहीतर नसंल. मी नाय बघितला."

दिवस कलला. साहेब आले नव्हते. चौकीत बसून पाठ अवघडली, म्हणून मी गाडी घेऊन जेटीवर गेले. खाडी तशीच होती, पिकल्या रंगाची, सरकणारी. बाई कठड्याशी होती. खांबावर दिवा नव्हता. म्हणजे दिवा होता, नवीन बसवलेला, पांढरा, पण त्याला वायर जोडायची राहिली होती. त्यासाठी दुसरा माणूस येणार होता.

होडी अजून यायची होती. या वेळी मशीन चालू होतं, पण ओहोटी तीच आणि खडपही तेच. बाईने गाडीकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

"तू नको हां बाय. तुझा कागद व्हायचाय अजून."

खरं होतं. साहेबांची सही व्हायची होती. त्याच जेटीवर, त्याच गाडीने, त्याच वेळेला पुन्हा कोणी नंबर कळवला असता तर कुठल्याही साहेबाने समज देऊन सोडलं नसतं. मी खाली उतरले. उताराच्या कडेला मासळी वाळत घालायचा सिमेंटचा ओटा आहे, त्याच्या पलीकडे थोडी मोकळी जागा होती. मी ती पावलांनी मापली. मग फेरीबोटीवरून उतरणारी मोठी गाडी कुठून वळेल ते मापलं. मग माझी गाडी ओट्याला खेटून लावली, तोंड खाडीच्या मुखाकडे. ओट्यावर सुकट होती, तिच्यावर धूर नको म्हणून इंजीन बंद केलं आणि दिवे लावले.

बाई पुढे जाऊन उभी राहिली आणि हाताने दाखवायला लागली. तिची लांब सावली पुन्हा पाण्यावर गेली.

पुन्हा तोच पट्टा, तेच किडे. या वेळी मी मुद्दाम उजवीकडे बघत होते. तिथे काहीच दिसलं नाही, पण काही नसण्याकडेसुद्धा किती वेळ बघता येतं हे मला तिथे कळलं. मुलीच्या पोटातलं मूल असंच कुठेतरी अंधारात असेल असं एकदा मनात आलं. मग आलं की त्याला भरपूर वेळ आहे, आपला पासपोर्टच उशिरा निघालाय.

मोटारसायकलचा आवाज आला. हवालदार उतरले. त्यांनी आधी माझ्या गाडीची चाकं बघितली, मग उतार, मग खाडीच्या मध्यावर आलेली फेरीबोट. पायाने जमिनीवर एक रेघ मारली आणि अजून हातभर मागे घ्यायला सांगितलं. उतार होता. मी हँडब्रेक सैल केला, बाईने आणि त्यांनी पुढून ढकलली, गाडी मागे गेली. दिवे चालूच होते. फेरीबोट टेकली. हवालदार उतारावर उभे राहून एकेक गाडी ओट्याच्या कडेने काढून देत होते, आणि कोणी हॉर्न दिला की त्याच्याकडे नुसतं बघत होते.

होडी आली. या वेळी भरभर, फटफट आवाज करत. उभा असलेला माणूस डोळ्यांवर हात धरून ओरडला की दिवे जरा बारीक करा. मी केले.

मग हवालदारांनी खिशातून कागद काढला. साहेब येऊन गेले होते. तोंडी समज देऊन प्रकरण निकाली काढले, खाली सही, शिक्का. मी तो दोनदा वाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी पर्समध्ये घातली आणि पर्सची चेन लावली. बाई कोळंबी घेऊन आली होती, तिला म्हटलं ती मागच्या सीटवर ठेवा, माझ्या हातात नको.

मी गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. टक् असा एक आवाज, मग तोही नाही. आणि समोरचा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत पिवळा, मग तांबूस, मग नाहीसा झाला.

हवालदार खिडकीशी वाकले.

"आता लिहू काय?" ते म्हणाले. "बॅटरी उतरली म्हणून?"

होडीतली दोघं भिजलेल्या कपड्यांनी आली, हवालदारांनी टोपी ओट्यावर ठेवली, बाईने पदर खोचला. चौघांनी मिळून गाडीचं तोंड रस्त्याकडे वळवलं आणि ती उतारावरून वर ढकलली. मी स्टिअरिंग धरून बसले होते. आरशात खाडी मागे मागे जात होती आणि गाडी इतकी हळू, बिनआवाजाची चालली होती, की कोणीतरी मला कागदावर ओढत नेत होतं.